झाकणं उघडलेले बारा डबे

संपादकांचं पत्र आलं, की उद्योगनगरीच्या उभारणीतले माझे प्रेरणादायी अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्यावेत. पत्र वाचून बायको हसली, आणि तिचं बरोबरच होतं. मी उभारणी वगैरे काही केलेली नाही. पन्नासच्या दशकात मोठी माणसं माळरानावर कोनशिला बसवत होती, तेव्हा मी चिंचवड आणि आकुर्डीच्या मध्ये, मुंबई रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या गॅरेजात ट्रकच्या पोटाखाली उताणा पडलेला असायचो आणि माझ्या तोंडावर काळं ऑइल ठिबकत असायचं. त्यातलं जेवढं नकळत गिळलं, तेवढीच माझी प्रेरणा.

तेव्हा मी ऑइलबद्दलच लिहितो. नव्या ऑइलबद्दल लिहायला कंपन्यांची माणसं आहेत. मी जुन्या ऑइलबद्दल लिहिणार आहे, म्हणजे ते कधी खराब होतं आणि खराब झाल्यावर ते नेऊन कुठे ओततात याबद्दल. त्यातही ब्रेक ऑइलच्या बारा डब्यांबद्दल. त्या डब्यांपायी एक ट्रक जाता जाता वाचला. जे वाचलं नाही ते शेवटी सांगेन, कारण ते सांगायचं धैर्य यायला मला दोन-तीन पानं तरी लागतील.

गॅरेज दामूशेठचं. शेठ मूळचे भुसार दुकानदार. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघू लागलं, तसे ते डाळ-तांदूळ सोडून मोटारींकडे वळले. पण दुकानदारी अंगातून गेली नव्हती. गव्हाला किडा लागतो, गुळाला पाणी सुटतं, डाळीला जाळी धरते, हे सगळं त्यांनी सोसलेलं. त्यामुळे लोखंड आणि तेल या दोन वस्तूंवर त्यांचा परमेश्वराइतका विश्वास. 'अरे वसंता, तेल म्हणजे काय दूध आहे नासायला?' हे त्यांचं ब्रीदवाक्य. मी काही बोलायला गेलो की हे वाक्य यायचं, आणि मी पुन्हा ट्रकखाली जायचो.

एका बाबतीत त्यांचं खरं होतं. इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलला आमच्याकडे नव्या ऑइलपेक्षा जास्त गिऱ्हाईक. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून लोक ते न्यायचे. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून न्यायचे. म्हशीच्या गोचिडांवर चोळायचे, आणि म्हैस काही बोलत नसल्यामुळे तो उपाय रामबाण समजला जायचा. उरलेलं आम्ही अंगणात शिंपडत असू, म्हणजे धूळ उडत नसे. तेवढं करूनही उरलं, तर गॅरेजच्या मागे मुरमात खणलेल्या खड्ड्यात. तो खड्डा कधी भरला नाही. रोज ओतावं आणि रोज त्यात जागा असावी, याचं आम्हाला कौतुक वाटायचं. ओतलेलं जातं कुठे, हा प्रश्न आम्हा हुशार माणसांपैकी एकालाही पडला नाही.

जुन्या ऑइलचे भक्त गिऱ्हाइकांतही होते. सदाशिव पेठेतले एक वकील आमच्याकडे गाडी आणत. लढाईच्या आधीची, छत कापडाचं, ब्रेक तेलाचे नव्हे, दांड्यांचे. लढाईपूर्वी घेतलेलं इंजिन ऑइल त्यांनी लोणच्याच्या चिनी बरणीत फडकं बांधून ठेवलं होतं. गाडीत ऑइल घालायची वेळ आली की बरणी सीटखाली ठेवून आणायचे आणि पळीने मोजून घालायला लावायचे. 'हल्लीच्या तेलात सत्त्व नाही,' म्हणायचे. तळाशी गाळ बसून त्याचा खाली चिखल आणि वर पाणी झालं होतं. मी ते दाखवलं, तर म्हणाले, 'मुरलंय.' मुरांबा आणि मोटार यांतला फरक वकिलाला समजावण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नव्हतं.

आता ब्रेक ऑइलबद्दल थोडं. नावात ऑइल आहे म्हणून लोक फसतात. ते स्पिरिटासारखं काहीतरी पातळ असतं आणि त्याला एक वाईट खोड असते. ते ओल पितं. हवेतली, पावसातली, फडक्यातली, मिळेल ती. बंद डब्यात ते वर्षानुवर्षं गुमान राहतं, पण झाकण उघडलं की पिऊ लागतं. पाणी प्यायलेलं ब्रेक ऑइल सपाट रस्त्यावर काही त्रास देत नाही. घाटात उतरताना ब्रेक दाबून दाबून चाकं तापली, की आतल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग ड्रायव्हर पेडल दाबतो आणि पाय सरळ फळीला टेकतो. सगळ्यांत मोठा बदमाशपणा म्हणजे गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक असे लागतात, जसं काही घडलंच नाही.

हे मला माहीत होतं. गॅरेजात येण्याआधी दोन वर्षं मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे ब्रेक ऑइलचा डबा उघडा टाकणाऱ्याला आमचा सुभेदार तो डबा डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. मी मारलेल्या आहेत. तेव्हा पुढे जे झालं, त्यात मला अज्ञानाचा फायदा घेता येत नाही.

लिलावातून शेठनी ब्रेक ऑइलचे बारा डबे आणले होते. मोठे, हिरवे, लष्करी, सीलबंद. माल खरंच चांगला होता. शेठनी ते फळीवर ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. मग आला दसरा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. पाने, जॅक, हातोडे धुऊन-पुसून मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हात लावला तर वर्षभर हत्यार हात कापतं, असा समज. त्या वर्षी शेठनी बाराही डबे पूजेत मांडले आणि भटजींनी संकल्प सोडायच्या आत त्यांची झाकणं उघडायला लावली.

मी म्हटलं, 'शेठ, हे बंद असलेलं बरं.'

'वसंता, देवी घरी आली तर तिला दाराबाहेर उभी करशील का?'

'पण शेठ, यात ओल गेली तर...'

'अरे, तेल म्हणजे काय दूध आहे नासायला?'

झालं. मी बाराही झाकणं उघडली.

पूजेचं पाणी चंद्रामावशीचं. ही आमची शेजारीण. गॅरेजच्या मागे, खड्ड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उताराला तिची विहीर होती. नवरा गेलेला, लेक दिघीला दिलेली, दोन म्हशी आणि ती विहीर एवढा तिचा संसार. आमचं पिण्याचं, चहाचं, धुण्याचं सगळं पाणी तिथलं. मुंबईला निघालेला प्रत्येक ट्रक रेडिएटरसाठी तिच्याकडून एक डबा पाणी भरून घ्यायचा. तिला त्याचा केवढा अभिमान! स्वतः कधी देहूच्या पलीकडे गेली नव्हती, पण सांगायची, 'माझ्या इहिरीचं पानी पार मुंबैला जातं. आमी हितंच हाय, पर पानी जाऊन येतं.' पूजेला घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या लोट्यातून ती स्वतः पाणी आणायची. दुसऱ्या कुणाचं पाणी शेठनी घेतलं असतं, तर तिने त्यांच्या नावाने बोटं मोडली असती.

भटजींना त्या दिवशी आणखी सात-आठ ठिकाणी जायचं होतं. त्यांनी मंत्र उरकले, आंब्याचा टाळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'तू मार शिंतोडे, सढळ हाताने. मी निघतो.' शेठ हात जोडून उभे. मावशी लोटा धरून उभी. मी टाळा बुडवला आणि सढळ हाताने मारले. पानांवरून ओघळलेलं पाणी उघड्या डब्यांत टपटप पडताना मी पाहिलं. सुभेदार आठवला, डोक्यावरचा डबा आठवला. पण सणाच्या दिवशी मालकाशी वाद कोण घालणार? शिवाय समोर पेढे होते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस लागला. आमचे पत्रे सहा ठिकाणी गळायचे. डबे उघडे, आणि झाकण लावायचं तर हात लावावा लागणार. डबा हत्यारात मोडतो का, असं मी भीत भीत विचारलं. शेठनी विचार करून निकाल दिला, की पूजेत मांडलंय म्हणजे हत्यारच. तेव्हा देवी आत गेली की नाही ते मला सांगता येणार नाही, पण पाऊस गेला.

एकादशीच्या सकाळी उस्मानभाई ट्रक घेऊन आला. हा चाकणचा. चाकणच्या एका आडत्याचा ट्रक चालवायचा, चाकणचे बटाटे मुंबईला आणि मुंबईची मिठाची पोती परत. शांत माणूस. घाटात त्याच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती, आणि मोटारधंद्यात हे पीर-फकिराच्या खालोखाल समजलं जातं. त्याच्या एका चाकाचा रबरी वॉशर गेला होता. मी तो बदलला, सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून टाकलं, नवीन भरलं आणि नळ्यांतली हवा काढली. नवीन कुठलं, तर पूजेतलं. 'पूजेतला पहिला डबा उस्मानला,' शेठ म्हणाले. 'शुभ आहे.'

उस्मानने पेडल दाबून पाहिलं. 'वा वसंतराव, दगडासारखं लागतंय,' म्हणाला. मावशीकडून पाण्याचा डबा भरून घेतला. चाकणला जाऊन बटाटे भरायचे, तळेगावावरून मुंबई रस्त्याला लागायचं आणि दुपारी घाट उतरायचा, असा त्याचा बेत होता.

तो गेल्यावर दोन तासांनी मी न्याहारीला बसलो. स्टोव्हवर तवा ठेवून भाकरी गरम करत होतो. हाताला ब्रेक ऑइल लागलेलं होतं ते सवयीने झटकलं, आणि दोन थेंब तव्यावर पडले. चांगलं ब्रेक ऑइल तव्यावर पडलं तर धूर होऊन मुकाट जातं. हे मोहरीसारखं तडतडलं. मी भाकरी बाजूला केली आणि पळीने प्रत्येक डब्यातलं थोडं थोडं तव्यावर टाकलं. बाराच्या बारा तडतडले. एखाद्या लग्नघरात फोडणी चालू असावी, तसा आवाज.

शेठ धावत आले. मी सांगितलं, की यात पाणी गेलंय, उस्मानचे ब्रेक घाटात जाणार.

ते तव्याकडे बघत म्हणाले, 'तडतडलं? म्हणजे दृष्ट निघाली.'

शेठशी पुढे बोलणं मी तिथेच सोडलं. अंगणात वकीलसाहेबांची गाडी उभी होती. बरणी मांडीवर घेऊन ते स्वतः स्टिअरिंगपाशी बसलेले. मी त्यांना हात जोडले. 'साहेब, एका माणसाचा जीव धोक्यात आहे. मला खंडाळ्याला न्या.'

'कुणाच्या हलगर्जीपणामुळे?' त्यांनी विचारलं.

'माझ्या.'

'बसा,' ते म्हणाले. 'रस्त्यात सविस्तर ऐकतो.'

पाठलाग या शब्दाने तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येत असेल, ते कृपा करून पुसून टाका. वकीलसाहेब ताशी पंधरा मैलांच्या वर गाडी नेत नसत. पंधरावर पेट्रोल सर्वांत कमी लागतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यानंतर काही वाचलं नव्हतं. देहूरोडच्या पुढे एका सायकलवाल्याने आम्हाला ओलांडलं, आणि वर मागे वळून नमस्कार केला. वाटभर माझी उलटतपासणी चालू. डबा उघडताना तुम्हाला परिणामांची जाणीव होती काय? होती. तरी आपण शिंतोडे मारलेत? मारले. टाळा उजव्या हातात होता की डाव्या? वडगावला त्यांची चहाची वेळ झाली. मी जवळजवळ रडकुंडीला आलो, तेव्हा म्हणाले, 'उतावीळपणानेच हा प्रसंग ओढवलाय, आता तरी धीर धरा.' बशीत ओतून, फुंकर घालून त्यांनी तो चहा प्यायला. मला मात्र बशीत उस्मानचा ट्रक दरीत जाताना दिसत होता.

लोणावळ्यात पानवाल्याने सांगितलं, बटाट्याचा ट्रक अर्ध्या तासापूर्वी गेला. खंडाळ्याला घाटाच्या तोंडाशी ट्रक थांबतात, ड्रायव्हर पाणी घालतात, नारळ फोडतात. तिथे पाहिलं, उस्मान नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, 'आपलं काम खंडाळ्यापर्यंत ठरलं होतं.' मी गाडीतून उतरून पळत सुटलो. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, पण मागून भोंगा वाजवत तेही आले. उतारावर त्यांची गाडी पहिल्यांदाच पंधराच्या वर गेली.

पहिलं वळण रिकामं होतं. दुसऱ्या वळणाशी रस्त्यावर एक बटाटा दिसला. मग चार. मग सगळा उतार बटाट्यांनी भरलेला. त्यांच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूच्या गटारात तोंड खुपसून ट्रक तिरका उभा. आणि कठड्यावर उस्मान बसलेला. कपाळाला खोक पडलेली, विडी पेटलेली. मी तिथेच रस्त्यावर बसलो.

'वसंतराव, तुमी इथं?' तो म्हणाला. 'दोन वळणं बराबर लागला ब्रेक. तिसऱ्याला पाय पार फळीपर्यंत. मंग काय, एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. मी म्हटलं, डोंगर बरा, तो कुठं जात नाही.'

चौकीवरून हवालदार येऊन पोचला होता. त्याने ट्रकमध्ये चढून पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं लागत होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा लागलं. तो खाली उतरला आणि उस्मानला म्हणाला, 'ब्रेक तर झकास लागतोय. झोप लागली होती का? का प्यायलास?'

'दारूला शिवलो नाही कधी,' उस्मान म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच, 'मलाच वेड्यात काढतोय बघा हा ट्रक. आता माझं कोण ऐकणार?'

हवालदाराने वही काढली. लायसन मागितलं. ट्रकच्या मालकाला काय सांगणार, लायसन गेलं तर घरी काय सांगणार, हे सगळं उस्मानच्या तोंडावर दिसत होतं. क्लीनर सणाला गावी गेलेला, म्हणजे साक्षीदारही नाही. इथे एक शब्द न बोलता मी परत गेलो असतो, तर गॅरेजचं नाव वाचलं असतं. शेठनी मला हार घातला असता.

मी म्हटलं, 'हवालदारसाहेब, चूक ह्याची नाही. खराब ब्रेक ऑइल मी घातलंय.'

'पुरावा?' हे हवालदार नव्हे, वकीलसाहेब म्हणाले. सवय!

मी ट्रकच्या टाकीतून ब्रेक ऑइल फडक्याला लावून घेतलं. वकीलसाहेबांच्या गाडीचं इंजिन उतारावरच्या त्या धावण्याने चांगलंच तापलेलं होतं. बॉनेट उघडून धुराड्याच्या नळीवर फडकं पिळलं. तडतड, तडतड. हवालदाराच्या घरी स्वयंपाक होत असावा, कारण त्याला तो आवाज ताबडतोब कळला. 'पाणी आहे यात,' तो म्हणाला. मग मी त्याला वाफेची गंमत सांगितली. त्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं, गॅरेजला ताकीद दिली आणि उस्मानचं लायसन परत केलं. वकीलसाहेब म्हणाले, 'अशिलाने स्वतःहून गुन्हा कबूल करणं हा मूर्खपणा आहे. पण युक्तिवाद चांगला केलात.' मग आम्ही चौघांनी मिळून घाटातले बटाटे वेचले. वकीलसाहेब नग मोजत होते.

गॅरेजात परतल्यावर शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'ते डबे माझ्या डोळ्यांसमोरून हलव.' उरलेलं तेल ठेवलं असतं, तर आज ना उद्या कुणाच्या तरी ट्रकमध्ये गेलंच असतं, शेठच्या शब्दावर माझा तेवढा विश्वास होता. गाडीच्या आसाला कुणाला द्यावं, तर रंग खातं. म्हणून मी एकेक डबा मागे नेला आणि खड्ड्यात ओतला. सगळे डबे शेवटच्या थेंबापर्यंत पालथे केले. ओतताना छाती फुगली होती. उस्मानचा जीव, त्याचं लायसन, वर पुढच्या दहा ट्रकवाल्यांचे जीव, सगळं माझ्या खात्यात. त्या दिवसाइतका मी स्वतःवर कधी खूश झालो नाही.

मावशी विहिरीवर पाणी ओढत होती. तिने विचारलं, 'वसंता, काय वततुयास रं एवढं?'

मी सण संपल्यानंतरच्या थट्टेच्या भरात म्हटलं, 'तुमच्या पाण्याने आमचं तेल नासलं मावशी. मुंबईला निघालेला ट्रक तुमच्या पाण्याने घाटात अडकवला!'

ती हसली नाही. दोर हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

पुढचा पावसाळा जोरात झाला. श्रावणात मावशी एक दिवस घागर घेऊन गॅरेजात आली. पाण्यावर मोरपिशी रंगाचा तवंग होता. नाकाशी नेलं, तर काळ्या ऑइलचा वास, आणि त्याखाली तो दुसरा गोडसर वास. तो मी डोळे मिटून ओळखला असता. 'तू त्यालातला जानकार,' ती म्हणाली. 'म्हशी तोंड लावंनात. इहिरीला काय झालं, सांग की रं.'

खंडाळ्यात हवालदारासमोर माझी जीभ केवढी चालली होती! तिथे वकील होता, पुरावा होता, उस्मान होता. इथे नुसती मावशी होती आणि मला अडवणारं कुणीच नव्हतं. मी घागरीत बघत म्हटलं, 'जमिनीतूनच येतं असं कधी कधी. जाईल.' ते गेलं नाही. रोज ओततो ते जातं कुठे, याचं उत्तर माझ्या समोर घागरीत होतं, आणि ते मी तिला दिलं नाही. त्या दिवसापासून आम्ही खड्ड्यात काही ओतलं नाही, हेही मी तिला सांगितलं नाही, कारण मग का ओतत नाही तेही सांगावं लागलं असतं. ट्रकवाले रेडिएटरसाठी पुढच्या ओढ्यावर थांबू लागले. मुंबईला जाणारं पाणी बंद झालं.

पुढे कैक वर्षांनी माझ्या निवृत्तीच्या समारंभात भाषणं झाली, की आमचे वसंतराव प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख खडूने लिहीत, असा शिस्तीचा माणूस होणे नाही. मी मान खाली घालून टाळ्या ऐकल्या. लोकांना तो विनय वाटला.

विहीर नासली त्या वर्षीच्या खंडेनवमीला नवे डबे पूजेत होते, पण झाकणं बंद. मीच शेठना दम दिला होता. भटजी घाईत होतेच. मावशी उशिरा आली. तोच घासलेला लोटा, पण ती धापा टाकत होती आणि पातळाचा काठ चिखलाने भिजलेला. पवनेवरून, दीड मैल चालत आली होती.

'मावशी, एवढं लांबून कशाला?' मी विचारलं.

'मागल्या वक्ताला माझ्या पान्यानं तुमचं त्याल नासलं न्हवं? मानसाच्या जिवावर बेतलं हुतं,' ती म्हणाली. 'तवापासनं इहीर कोपली माझ्यावर. म्हून हे नदीचं आनलंय.'

मी टाळा लोट्यात बुडवला. हात हलेना. मावशीला वाटलं, मी अजून भितोय. लोटा माझ्यापुढे जरा सरकवून ती म्हणाली, 'मार की रं बिनघोर. चांगलं पानी हाय.'